गरनाताचा शेवटचा सुलतान : आईचा टोमणा आणि घरातली भाऊबंदकी

अंदलुसचा विषय निघाला की आपल्या घरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. गरनाता, म्हणजे आजचे ग्रॅनाडा, ख्रिस्ती राजांच्या हवाली करून शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह डोंगरातल्या खिंडीत पोहोचतो. मागे वळून अल-हमरा महालाकडे बघतो आणि त्याला रडू कोसळते. तेव्हा आई त्याला टोमणा मारते, की जे मर्दासारखे राखता आले नाही त्यासाठी आता बाईसारखा रडतोस. उर्दू कादंबऱ्यांतून, जलशांतल्या तकरिरींतून आणि आता मोबाईलवरच्या व्हिडिओंतून ही गोष्ट इतक्या वेळा आली आहे की लोकांना तीच खरी तारीख वाटते.

गंमत अशी की ही गोष्ट जिंकणाऱ्यांकडून आलेली आहे. गरनाता गेल्यानंतर काही दशकांनी, पुढे बिशप झालेल्या एका स्पॅनिश लेखकाच्या लिखाणातून ती पसरली. स्पेनमध्ये त्या खिंडीला आजही मूर माणसाच्या उसाशाचेच नाव आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याची थट्टा करावी यात नवल नाही. पण आपणही तीच थट्टा पिढ्यानपिढ्या इबरत म्हणून सांगत आलो, याचा विचार करायला हवा. कारण एवढ्यावर थांबले की सगळा दोष एका माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर जातो आणि त्याच्या घरात आधीची दहा वर्षे काय चालले होते ते झाकले जाते.

खंडणी देऊन टिकलेले राज्य

इसवी सन ७११ मध्ये तारिक बिन जियाद अंदलुसमध्ये उतरला. पुढे कुर्तुबा (कॉर्डोबा) हे युरोपातले मोठे आणि विद्वानांनी गजबजलेले शहर झाले. पण तिथली खिलाफत मोडली आणि लहान लहान राज्ये झाली. मग १२३६ मध्ये कुर्तुबा आणि १२४८ मध्ये इशबीलिया (सेव्हिल) ही शहरे उत्तरेकडच्या कॅस्टिल राज्याने घेतली. उरले ते दक्षिणेकडच्या डोंगरांतले गरनाता. मुहम्मद इब्न अल-अहमर याने १२३८ मध्ये तिथे नसरी घराण्याची गादी बसवली आणि अल-हमराचे बांधकाम सुरू केले.

हे राज्य टिकले कसे? एक तर त्याने कॅस्टिलला खंडणी देणे मान्य केले. इतकेच काय, इशबीलियाच्या वेढ्यात इब्न अल-अहमरचे सैन्य कॅस्टिलच्या बाजूने उभे होते! दुसरे म्हणजे डोंगर, किल्ले आणि समुद्रापलीकडच्या मोरोक्कोचा आधार. तिसरे कारण शत्रूच्या घरातली भांडणे. कॅस्टिल आणि अरागॉन ही दोन ख्रिस्ती राज्ये आपापसात लढत होती, तोवर गरनाताला श्वास घ्यायला जागा होती. असे करत हे छोटे राज्य अडीचशे वर्षे चालले. अल-हमराच्या भिंतींवर, विजय फक्त अल्लाहचाच, हे नसरींचे बोधवाक्य शेकडो ठिकाणी कोरलेले आहे.

मग १४६९ मध्ये कॅस्टिलची इसाबेला आणि अरागॉनचा फर्डिनांड यांचे लग्न झाले. ती १४७४ मध्ये राणी झाली, तो १४७९ मध्ये राजा. दोन घरे जुळली आणि गरनाताला मिळणारी ती मोकळी जागा संपली. नेमक्या याच काळात गरनाताच्या राजघराण्यात फूट पडत होती.

एका महालात दोन गट

अबू अब्दुल्लाहचे वालिद सुलतान अबुल हसन अली १४६४ मध्ये गादीवर आले. लढवय्ये होते, पण रागीट. त्यांची बेगम आयशा राजघराण्यातलीच. काही कागदपत्रांत तिचे नाव फातिमा असेही येते. अबू अब्दुल्लाह आणि यूसुफ ही तिची मुले. पुढे सुलतानाने इसाबेल दे सोलिस नावाच्या एका कॅस्टिलियन कैदी मुलीशी लग्न केले. तिचे नाव सुरैया ठेवले. तिला साद आणि नस्र अशी दोन मुले झाली.

आता घरात कोणाची मुले वारस, हा प्रश्न आला. आयशा महालातून बाजूला पडली आणि दरबारातले सरदार दोन्हीकडे वाटले गेले. आपल्याकडे कथा सांगताना सगळे पाप सुरैयावर टाकायची पद्धत आहे, परकी बाई घरात आली आणि राज्य बुडाले, अशी. पण ती कैद होऊन आलेली एक मुलगी होती. नसरी घराण्यात तख्तासाठी भाऊ भावावर आणि मुलगा बापावर उठण्याचे प्रकार तिच्या जन्माआधीपासून चालू होते. खुद्द अबुल हसनने आपल्या वालिदांना बाजूला सारूनच गादी घेतली होती. तीच चाल पुढे त्यांच्यावर उलटली.

डिसेंबर १४८१ मध्ये अबुल हसनने जाहारा हा सरहद्दीवरचा किल्ला घेतला. त्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी १४८२ मध्ये कॅस्टिलच्या सरदारांनी राज्याच्या ऐन मध्यावरचे अल-हम्मा शहर काबीज केले. ते परत घेण्याचे प्रयत्न फसले. लोक सुलतानावर चिडले होतेच. त्यातच जुलै १४८२ मध्ये विशीतल्या अबू अब्दुल्लाहने आईच्या गटाच्या मदतीने बंड केले आणि गरनाताची गादी घेतली. वालिद मालागाला आपल्या भावाकडे निघून गेले. या भावाचे नाव मुहम्मद बिन साद, पण लोक त्याला अल-जगल म्हणजे शूर म्हणत.

म्हणजे बघा, शत्रू राज्याच्या मध्यावर येऊन बसला आहे आणि इकडे एका राज्यात दोन सुलतान झाले आहेत.

लुसेना : सुलतान कैदेत, मुलगा ओलीस

मार्च १४८३ मध्ये अल-जगलने मालागाजवळच्या डोंगरांत कॅस्टिलच्या फौजेचा मोठा पराभव केला. शहरात त्याचे नाव झाले. पुतण्यालाही वाटले की आपणही काही करून दाखवावे. एप्रिलमध्ये अबू अब्दुल्लाह लुसेना या गावावर चालून गेला. सोबत त्याचा सासरा, लोशा किल्ल्याचा म्हातारा पण खंबीर किल्लेदार अली अल-अत्तार होता. मोहीम फसली. अली अल-अत्तार मारला गेला आणि सुलतान स्वतः कैद झाला. त्याच्याकडून घेतलेली तलवार स्पेनमध्ये आजही जपून ठेवलेली आहे.

फर्डिनांड हुशार माणूस. कैदी ठार करण्यापेक्षा तो सोडण्यात जास्त फायदा आहे हे त्याने ओळखले. वालिद अबुल हसन पुन्हा गरनातात येऊन बसलेच होते. त्यांच्या अंगावर मुलालाच सोडले की बाकीचे काम आपोआप होणार. म्हणून करार झाला : अबू अब्दुल्लाहने खंडणी द्यायची, ख्रिस्ती कैदी सोडायचे, कॅस्टिलचा मांडलिक म्हणून राहायचे. आणि हमी म्हणून आपला कोवळा मुलगा अहमद ओलीस ठेवायचा.

हा मुलगा पुढची जवळजवळ नऊ वर्षे आईबापांपासून दूर, शत्रूच्या किल्ल्यात वाढला. त्याची आई मरियम, जिला स्पॅनिश लोक मोरायमा म्हणतात, तिचे वडील त्याच लढाईत गेले होते, नवरा कैद होऊन आला होता आणि लेकरू ओलीस गेले. तारखेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. पण सुलतानाच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हा ओलीस मुलगा होता, हे विसरून त्याचा हिशेब मांडता येत नाही.

गरनाताच्या उलेमांनी मात्र त्याच वर्षी फतवा देऊन या बंडाला आणि शत्रूशी केलेल्या हातमिळवणीला साफ चूक ठरवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. बाप म्हणून मजबुरी समजते, पण त्या कराराने राज्याचे कंबरडे मोडले, हेही तितकेच खरे.

चुलता आणि पुतण्या

१४८५ मध्ये रोंदा पडले. आजारी अबुल हसन बाजूला झाले आणि त्याच वर्षी वारले. स्पेनमधल्या एका उंच पर्वतशिखराला आजही त्यांच्या नावावरून मुलासेन म्हणतात. त्यांच्या जागी अल-जगल सुलतान झाला. अबू अब्दुल्लाहचा सख्खा भाऊ यूसुफ याच भाऊबंदकीत अल्मेरियामध्ये मारला गेला. त्यानंतर चुलत्या-पुतण्यात तडजोड जमणे कठीणच होते.

थोडे दिवस जमली तरीसुद्धा. १४८६ मध्ये लोशा वाचवायला अबू अब्दुल्लाह फर्डिनांडविरुद्ध लढला, पण हरला, दुसऱ्यांदा हाती सापडला आणि पुन्हा सोडला गेला. फर्डिनांडला तो मोकळाच हवा होता! मग तो गरनाताच्या अल-बाइसीन मोहल्ल्यात येऊन बसला. समोरच्या टेकडीवर अल-हमरामध्ये चुलता. एकाच शहरात, एका नदीच्या दोन काठांवर मुसलमान मुसलमानांशी गल्लीगल्लीत लढत होते.

१४८७ मध्ये फर्डिनांडने मालागाच्या दिशेने कूच केले. अल-जगल मदतीला शहराबाहेर पडला आणि त्याची पाठ वळताच पुतण्याने अल-हमरा ताब्यात घेतला. मालागाने तीन महिन्यांहून जास्त वेढा सोसला. लोकांनी घोडे, गाढवे खाल्ली. ऑगस्टमध्ये शहर पडले आणि बहुतेक सगळी प्रजा गुलाम केली गेली. काही आफ्रिकेतल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बदल्यात दिले, काही विकले, काही सरदारांत वाटले. शंभर जण तर पोपकडे भेट म्हणून पाठवले.

अबू अब्दुल्लाहच्या कारकिर्दीतला सर्वांत काळा भाग हाच. मालागा जळत असताना तो हलला नाही. उलट फर्डिनांडशी त्याचा आतून समझोता होता, की चुलत्याचे प्रांत पडले की गरनाताही सोडायचे आणि बदल्यात जहागीर घ्यायची. १४८९ च्या अखेरीस बाझा पडले. थकलेल्या अल-जगलने अल्मेरिया आणि वादी आश शत्रूला दिले आणि नंतर तो आफ्रिकेत निघून गेला. पुतण्या आता एकटा सुलतान उरला, पण राज्य म्हणजे एक शहर आणि आसपासचा मुलूख.

मदत का आली नाही?

उम्मत कुठे होती, हा प्रश्न मुले वर्गात विचारतात आणि तो रास्त आहे. गरनाताहून काहिरा आणि इस्तंबूल दोन्हीकडे मदतीच्या विनंत्या गेल्या होत्या. मिसरच्या मम्लूक सुलतान कायतबायने फर्डिनांडकडे ख्रिस्ती पाद्री पाठवून धमकीवजा निरोप दिला. उस्मानी सुलतान बायजीद दुसरा याच्या वतीने कमाल रईसची जहाजे पश्चिमेकडच्या समुद्रात आली. पण १४८५ ते १४९१ या वर्षांत हे दोन्ही सुलतान एकमेकांशीच लढत होते. आणि मोरोक्कोच्या राज्यात स्वतःचीच घडी विस्कटलेली होती. गरनाताच्या महालात जे चालले होते तेच मोठ्या नकाशावरही चालले होते.

हिवाळ्यातला वेढा

१४९० मध्ये फर्डिनांडने ठरल्याप्रमाणे शहर मागितले. इथे अबू अब्दुल्लाहने नकार दिला. शहरात जागोजागहून आलेले निर्वासित भरले होते. त्यांना शरणागती मंजूर नव्हती आणि कदाचित त्यालाही आता उरलेल्या एका शहराची किंमत कळली होती. त्याने तलवार उचलली, काही किल्ले परत घेतले. आपल्या गोष्टीतला बुजदिल सुलतान या दीड वर्षात कुठे दिसत नाही.

एप्रिल १४९१ मध्ये वेढा पडला. उन्हाळ्यात ख्रिस्ती छावणीला आग लागली, तेव्हा त्यांनी तंबूंच्या जागी पक्के गाव बांधून काढले : सांता फे. शत्रू आता परत जाणार नाही, हे त्या भिंतींनी शहराला सांगितले. हिवाळा आला, डोंगरातले रस्ते बर्फाने बंद झाले आणि धान्य संपत आले. पुढे दोनच वाटा होत्या. लढत राहायचे आणि मालागासारखे व्हायचे, किंवा ताकद थोडी शिल्लक असतानाच अटी घालून शहर द्यायचे.

त्याने दुसरी वाट घेतली. वजीर अबुल कासिम अल-मुलीहने रात्री-अपरात्री वाटाघाटी केल्या आणि २५ नोव्हेंबर १४९१ रोजी करार झाला. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. मशिदी आणि वक्फ मुसलमानांकडेच राहतील. त्यांचे खटले त्यांचे काजी शरीयतनुसार चालवतील. कोणावर धर्म बदलण्याची जबरदस्ती होणार नाही. घरे, जमिनी, माल कोणी हिसकावणार नाही. अंगावर वेगळी खूण लावावी लागणार नाही. ज्याला समुद्रापलीकडे जायचे त्याला तीन वर्षे फुकट जहाज मिळेल. आणि सुलतानाचा मुलगा परत मिळेल.

२ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्लाहने शहराच्या किल्ल्या दिल्या. अल-हमराच्या बुरुजावर क्रूस आणि कॅस्टिलचे निशाण चढले. बघणाऱ्यांत कोलंबस नावाचा एक खलाशी होता. त्याच वर्षी तो जहाजे घेऊन अटलांटिकमध्ये निघाला.

दोन कबरस्तानांमधला प्रवास

सुलतानाला अल-बुशारातच्या डोंगरात जहागीर मिळाली. जाताना त्याने एक काम केले, जे फार कमी सांगितले जाते. अल-हमरातल्या शाही कबरस्तानातून आपल्या वाडवडिलांच्या अस्थी काढून त्याने मोंदुजर गावी नेऊन दफन केल्या. महाल शत्रूला दिला, पण मरहूम पूर्वजांना त्याने तिथे ठेवले नाही.

डोंगरातल्या अंदाराश गावी हे कुटुंब दीडेक वर्ष एकत्र राहिले. अहमद परत आला होता. पण १४९३ मध्ये मरियमचा इंतकाल झाला आणि तिलाही मोंदुजरलाच दफन केले. त्याच शरद ऋतूत अबू अब्दुल्लाह आई, मुले आणि काही माणसांसह अद्रा बंदरातून जहाजावर चढला आणि मोरोक्कोत फासच्या सुलतानाच्या आश्रयाला गेला. तिथे आपल्या कातिबाकरवी त्याने एक लांबलचक अर्ज लिहवून घेतला. त्यात सफाई होती, माफी होती आणि राहायला जागा मागितली होती. बाकीचे आयुष्य फासमध्येच गेले.

इतिहासकार अल-मक्करी याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे, की सुलतानाचे वंशज फासमध्ये गरिबांसाठीच्या वक्फच्या पैशांवर जगत होते.

आणि घराची दुसरी शाखा? सुरैया आणि तिची मुले साद आणि नस्र स्पेनमध्येच राहिली. ती ख्रिस्ती झाली आणि दोघे भाऊ डॉन फर्नांदो आणि डॉन हुआन दे ग्रानादा या नावांनी तिथल्या सरदारांत मिसळून गेले. ज्या गादीवर कोणाचा मुलगा बसणार म्हणून एवढी भाऊबंदकी झाली, ती गादी एकाही मुलाला राहिली नाही.

करार मोडला कोणी?

पहिली काही वर्षे करार पाळला गेला. गरनाताचा पहिला आर्चबिशप तालावेरा समजूतदार होता. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी असे त्याचे मत होते. मग १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला. सामूहिक धर्मांतरे सुरू झाली, चौकात अरबी किताबांच्या होळ्या पेटल्या. अल-बाइसीनच्या लोकांनी उठाव केला. तुम्हीच बंड केले म्हणून करार रद्द, असे उत्तर मिळाले. १५०२ मध्ये कॅस्टिलभर हुकूम निघाला : बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. त्याआधी १४९२ मध्येच यहुद्यांना असाच हुकूम मिळाला होता, तोही अल-हमरामधूनच. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, ज्यांना मोरिस्को म्हणत, १६०९ ते १६१४ दरम्यान देशाबाहेर काढले. ते सुमारे तीन लाख लोक होते.

हा विश्वासघात सही करणाऱ्या फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या हुकुमतीने केला. अबू अब्दुल्लाहच्या हातून ज्या चुका झाल्या त्या मोठ्या होत्या : बापाविरुद्ध बंड, चुलत्याविरुद्ध शत्रूशी समझोता, मालागाकडे पाठ. पण शेवटी त्याने आपल्या लोकांसाठी त्या काळात मिळू शकतील अशा उत्तम अटी लिहून घेतल्या. गरनाताची प्रजा मालागासारखी बाजारात उभी राहिली नाही, हे त्या कागदामुळे.

गरनातात दर वर्षी २ जानेवारीला विजयाचा सोहळा आजही होतो. आणि २००३ मध्ये त्याच शहरात, अल-बाइसीनच्या टेकडीवर, अल-हमराच्या अगदी समोर, नवी मशीद उघडली. जिथे एकेकाळी पुतण्याची फौज चुलत्याच्या फौजेवर बाण सोडत होती, तिथे आता अजान होते.

म्हणून घरात मुलांना ही तारीख सांगायची तर खिंडीतल्या रडण्यापासून सुरू करू नका. माणूस घर सोडताना रडला तर त्यात लाज कसली? आणि बाईसारखे रडणे म्हणजे कमीपणा, हे तरी आपल्या मुलींसमोर का सांगायचे? सुरुवात १४८२ पासून करा. एका छताखाली बाप, मुलगा, चुलता, भाऊ, सवती होत्या, प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते आणि दारात शत्रू उभा असतानाही कोणी एक पाऊल मागे घेतले नाही. मग त्या अहमदबद्दल सांगा, जो मोठ्यांच्या भांडणात नऊ वर्षे परक्या किल्ल्यात राहिला. जमिनीच्या तुकड्यावरून, दुकानाच्या वाट्यावरून, मशिदीच्या कमिटीवरून भाऊ भावाशी बोलत नाही अशी घरे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मुलांना गरनाता दूरचे वाटणार नाही.